वॅगनआर १.० पेट्रोल: गाडी एक, चालवणारे तीन, ॲव्हरेज तीन

सोसायटीत नवीन गाडी आली की पेढा तोंडात टाकता टाकता लोक पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे ॲव्हरेज किती देते, रंग बिंग सगळं नंतर. आमची वॅगनआर आली २०२२ च्या दिवाळीत, १.० पेट्रोल, व्हीएक्सआय, मॅन्युअल, आणि आता ३४ हजार किलोमीटर झालेत म्हणजे बोलायला हरकत नाही. सीट, स्पीकर, टचस्क्रीन यावर ढिगाने व्हिडिओ पडलेत, मी फक्त पेट्रोलवर लिहितोय, कारण आमच्या घरात या विषयावर जेवढं बोलणं झालंय तेवढं फ्लॅटच्या हप्त्यावर पण झालं नसेल.

आधी कंपनीचा आकडा. लिटरला २४.३५. इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ६७ पीएस, टाकी ३२ लिटरची. मी मनात गुणाकार करून टाकला, ३२ गुणिले २४, म्हणजे एका टाकीत पुणे-नागपूर आरामात. पहिल्या तीन टाक्यांचं माझं ॲव्हरेज आलं १६.४. मी म्हटलं गाडी नवीन आहे, मोकळी व्हायचीय अजून. पाच हजार झाले तरी १६.५. मोकळी झाली ती फक्त माझी पाकिटं.

आता गंमत बघा, या आकड्याला लोक ज्या एआरएआयच्या नावाने ओळखतात ती गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे. कोथरूडकरांना ती टेकडी म्हणून माहिती, सकाळी अर्धं गाव तिथे फिरायला, आणि मी पण त्यातलाच, कित्येक वर्षं त्या गेटवरून गेलोय आणि आत काय चालतं हे कधी डोक्यात आलं नाही. हे ॲव्हरेज रस्त्यावर काढतच नाहीत. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, असं ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटं पण नाही. टॉप स्पीड ९०, तोही अगदी थोडा वेळ. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मागून हॉर्न मारणारा टँकर नाही, हिंजवडीच्या वाटेवरचा तो तुंबलेला भूमकर चौक तर नाहीच नाही. दोन गाड्यांची तुलना करायची तर ही पद्धत बरोबरच आहे, सगळ्यांना एकच पेपर. पण पेपरातले मार्क म्हणजे पगार नव्हे ना. त्यामुळे माझा हिशोब असा की त्या आकड्यातून वीस टक्के डोळे झाकून काढायचे, गाडी शहरातच फिरणार असेल तर तीस.

मी तीस टक्क्यांवरच समाधान मानून बसलो होतो. मग बाबांची डायरी आली.

बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरला होते. एसटीत ॲव्हरेज लिटरवर नाही मोजत, दहा लिटरवर मोजतात, त्याला केपीटीएल म्हणतात, आणि बाबांच्या डोक्यात अजून तेच. आमच्याकडे मारुती ८०० होती तेव्हापासून प्रत्येक टाकीची नोंद डायरीत आहे, तारीख, किलोमीटर, लिटर, केपीटीएल. वॅगनआर आल्यावर नवीन डायरी सुरू झाली आणि त्यात माझ्या नावापुढे लागोपाठ १६४, १६६, १६१ असे आकडे. वर चिमटा, 'एसटीची बस असती तर साहेबांनी मेमो दिला असता.'

पद्धत मात्र त्यांची पक्की, ती सगळ्यांनी घ्यावी. टाकी ऑटोकटपर्यंत, म्हणजे पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत फुल करायची, ट्रिप मीटर झिरो करायचा, गाडी वापरायची, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर त्याच मशीनला परत ऑटोकटपर्यंत, आणि किलोमीटर भागिले आत गेलेले लिटर. ऑटोकट झाल्यावर मुलगा विचारतोच 'काका, राऊंड फिगर करू?', नाही म्हणायचं. नाहीतर प्रत्येक वेळी वर थोडं वेगळं माप जातं आणि हिशोब गंडतो, शिवाय काठोकाठ भरणं गाडीलाही चांगलं नाही. आणि एका टाकीवर मत बनवायचं नाही, निदान तीन-चार टाक्यांची बेरीज घ्या. डॅशबोर्डवर जे ॲव्हरेज दिसतं तो गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो, ट्रेंड बघायला उत्तम, पण पैजेसाठी डायरीच. एका पंपावर (नाव नको, तुमच्याही एरियात असा एक असतोच) झिरो न दाखवता मशीन चालू केलं होतं, त्या टाकीला १३८ आले. बाबांनी त्या ओळीवर फुली मारून ठेवलीय आणि तो पंप आम्ही सोडला.

तर मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी नोव्हेंबरपासून मला तीन महिने घरून काम आलं आणि गाडी बायकोकडे गेली. तिचं ऑफिस हिंजवडी फेज वन, माझं फेज टू, म्हणजे रस्ता जवळपास तोच, कोथरूडहून चांदणी चौक, मग हायवे, मग भूमकर चौक आणि पुढे जे काय असतं ते. वेळ पण तीच, सकाळी सव्वाआठ. तिच्या टाक्या आल्या १९४, १९८, १९५, परत १९८. मी म्हटलं थंडी आहे, एसी लागत नाही. बाबांनी शांतपणे आदल्या वर्षीचे नोव्हेंबर-डिसेंबर काढून दाखवले, माझे, तेव्हाही थंडीच होती, १६६ आणि १६३. म्हटलं बरं, एकदा शेजारी बसून बघतो ही काय जादू करते.

जादू बिदू काही नव्हती, कंटाळा आला मला अर्ध्या तासात. पण लक्षात आलं की ती रस्ता लांबपर्यंत बघते आणि मी समोरच्या गाडीचा बंपर बघतो. सिग्नल लांबून लाल दिसला की तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, गाडी गिअरमध्येच असते, आपली हळूहळू येत राहते, आणि निम्म्या वेळा ती पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झालेला असतो. मी काय करतो, सिग्नलपर्यंत रेस, तिथे ब्रेक, म्हणजे पेट्रोल जाळून वेग कमवायचा आणि तो ब्रेक पॅडवर घासून टाकायचा. थांबलेली गाडी परत पहिल्या गिअरपासून उचलायची म्हणजे सगळ्यात जास्त खर्च तिथेच. ती गिअर पण लवकर टाकते, तिशीला तिसरा, पंचेचाळीसला चौथा, मीटरमध्ये वरचा गिअर टाका सांगणारा बाण दिसला की ऐकते. मला तो बाण आहे हे दोन वर्षं माहितीच नव्हतं. भूमकर चौकात मी हाफ क्लचवर इंच इंच सरकतो, ती समोर दोन गाड्यांची जागा होऊ देते आणि मग एकदाच जाते. त्या जागेत कोणी घुसतो का, घुसतो. घुसू दे म्हणते, 'अरे, त्याला कुठे विमान पकडायचंय?'

आणि हायवे. मी बायपासला जागा मिळाली की शंभर, ती ऐंशी. इथे या गाडीचा एक स्वभाव सांगायला हवा. वॅगनआर उंच आहे, १६७५ मिलिमीटर, आत बसायला उठायला बाबांच्या गुडघ्यांना एकदम झकास, पण तेच कपाट हवेत ढकलत न्यायचं असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ऐंशीवरून शंभरवर गेलात की वेग सव्वापट पण हवेचा धक्का दीडपटीच्या वर. छोट्या इंजिनला हे जाणवतंच. पीसीआरए ही पेट्रोल वाचवा सांगणारी सरकारी संस्था कधीपासून ४५ ते ५५ म्हणतेय, ते हायवेला शक्य नाही हे मान्य, पण ७५ ते ८५ मध्ये ही गाडी खरी खुलते. शंभरने मी ऑफिसला किती लवकर पोचत होतो हे पण पाहिलं, चार मिनिटं. ती चारही पुढे पार्किंगच्या लायनीत जात होती.

गावाला जातो तेव्हाचे आकडे पण देतो. आमचं गाव पाटण तालुक्यात, एका बाजूला दोनशेच्या जरा आत. चार माणसं, एसी चालू, ऐंशीच्या आसपास चालवली की २२ ते २२.५ येतंच. येताना डिकीत तांदळाची दोन पोती असली की एखादा किलोमीटर कमी. तोच रस्ता मी एकदा लग्नाला उशीर झाला म्हणून शंभर-एकशेदहाने तुडवला तेव्हा १७.९. म्हणजे हायवेला जाऊनही शहराच्या जवळपास. अक्षता पडल्या त्या पडल्याच आधी.

आता बाबांची बारी, कारण तिसरे ड्रायव्हर तेच. बाबांचं केपीटीएल १८० च्या आसपास, माझ्यापेक्षा बरं, सुनेपेक्षा कमी. आणि ते त्यांना झोंबलंय. बाबा वेग वाढवत नाहीत, हॉर्न वाजवत नाहीत, सगळं बरोबर, पण उतार दिसला की न्यूट्रल. ८०० कार्ब्युरेटरवाली होती तेव्हा त्यात थोडंफार तथ्य होतं, कारण गिअरमध्ये उतरतानाही कार्ब्युरेटर पेट्रोल ओढू देत राहायचा. आत्ताच्या इंजेक्शनच्या गाड्यांचं उलटं आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो, चाकं इंजिनला फिरवत राहतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल पाजावंच लागतं. म्हणजे वाचवायला जावं आणि उलट खर्च. हे मी त्यांना सांगून पटलं नाही, शेवटी गाडीत बसवून मीटरवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा स्क्रीन लावला आणि उतारावर एकदा गिअरमध्ये, एकदा न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये आकडा एकदम टोकाला जाऊन चिकटला. बाबा म्हणाले 'हं'. आमच्याकडे 'हं' म्हणजे बरंच काही.

पण पेट्रोलचं सोडा, न्यूट्रलला इंजिन ब्रेक, म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला जो आवर घालतं तो जातो, हे खरं कारण. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे आमची गाडी येऊन महिना झाला असेल, तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकत नेल्या होत्या, तेव्हाही उतारावर इंजिन बंद, न्यूट्रल यावरच चर्चा होती. मालाने भरलेला ट्रक आणि आपली आठशे-साडेआठशे किलोची गाडी यात फरक आहे, पण सवय तीच. आता बाबा बोगद्यातून बाहेर आल्यावर चौथ्यातून तिसऱ्यात येतात आणि माझ्याकडे बघतात, बघितलंस ना म्हणून.

किरकोळ गोष्टी आता पटापट.

जवळच्या फेऱ्या सगळ्यात महाग. मुलीचा क्लास पावणेदोन किलोमीटरवर, एका महिन्यात गाडी जवळपास तेवढ्यालाच वापरली तर ११८ आलं, बाबांनी दोनदा भागाकार केला. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, आणि ते गरम होईपर्यंत आपण पोचलेले असतो. क्लासला आता स्कूटर.

हवा. टायरमधली म्हणतोय. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्यावर जो आकडा आहे तोच, पंक्चरवाला स्वतःच्या मनाने भरतो तो नाही. आणि सकाळी टायर थंड असताना. दोन महिने बघितलीच नव्हती तर चारही चाकं २४-२५ वर आली होती, त्या टाकीला १५३, आणि मी पंपाला शिव्या देत होतो.

एसी. एप्रिल-मेमध्ये माझा दीड ते दोन किलोमीटरचा फरक पडतो. एक लिटरच्या इंजिनकडून कॉम्प्रेसर पण फिरवून घ्यायचा म्हणजे फरक पडणारच. पण पुण्याच्या उन्हाळ्यात काचा उघडून मायलेज वाचवायला मी सांगणार नाही, त्यात हायवेला उघड्या काचा स्वतःच हवा अडवतात. उन्हात उभी गाडी असेल तर पहिलं एक मिनिट काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावून रीसर्क्युलेशनवर टाका, तेवढं पुरे.

सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन, म्हणजे न्यूट्रल करून क्लच सोडला की बंद आणि क्लच दाबला की चालू. मी पहिल्या आठवड्यात बटण दाबून ते बंद केलं, वाटायचं गाडी बंद पडली. छोटं इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं असं धरलं, आणि चांदणी चौक ते हिंजवडी आपण किती उभे असतो ते तुम्हीच बघा. (चांदणी चौकाचा नवीन पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला आणि तिथलं उभं राहणं बरंच कमी झालं, पण ते पुढे जाऊन भूमकर चौकात जमा झालंय.) बायको ते चालू ठेवते. एसी चालू असला की मध्येच इंजिन परत सुरू होतं, ते बिघाड म्हणून धावू नका, आत गरम होतंय म्हणून ते होतं.

इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतात ते. हे लिहिलं नाही तर खाली कमेंटमध्ये तेच विचारतील. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, हे साधं रसायन आहे, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की काहीतरी कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के घट, त्यासाठी ट्यून केलेल्या गाडीला १ ते २ टक्के. आमच्या डायरीत बायकोचे १९६ चे १९० झालेले दिसतात, पण त्यात पावसाळा पण आला आणि मेट्रोच्या कामाचे खड्डे पण, त्यामुळे सगळं इथेनॉलच्या डोक्यावर फोडत नाही. पायाने घालवलेले तीस आणि इथेनॉलने घालवलेले सहा, मी आधी तीसच्या मागे लागलो.

एका सर्व्हिसिंगला मायलेज वाढवणारी बाटली टाकू का म्हणून मागे लागले होते, आठशे रुपये. बाबांना फोन लावून दिला. नंतर त्यांनी बाटलीचा विषय काढला नाही.

सीएनजी का नाही घेतली? घ्यावी, रोज पन्नास-साठ किलोमीटर असतील तर जरूर घ्यावी, किलोला ३४.०५ चा दावा आहे आणि तो हिशोब पेट्रोलला कधीच जमणार नाही. आमचं वर्षाला बारा हजारच्या आत, पंपावरची रांग मला झेपत नाही, आणि सिलिंडर ठेवला तर तांदळाची पोती मांडीवर घेऊन यावं लागेल.

पैशात सांगतो. बारा हजार किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये धरा. १६.५ ने ७२७ लिटर, १९.५ ने ६१५ लिटर. फरक ११२ लिटर, म्हणजे साडेअकरा हजार रुपये वर्षाला. याने कोणी लखपती होत नाही, पण आमच्या गाडीच्या वर्षाच्या सर्व्हिसिंगपेक्षा ते जास्त आहेत आणि त्यासाठी मला फक्त पाय हलका करायचा होता. वर क्लच आणि ब्रेक पॅड टिकतात ते वेगळं.

गाडी म्हणून मी वॅगनआरला पूर्ण पैसे वसूल म्हणेन. शहरात चालवायला हलकी, उंच बसल्यामुळे पुढचं लांबचं दिसतं (जे बघायचं असतं हे मला उशिरा कळलं), आणि नीट चालवली तर शहरात १९, हायवेला २२ मिळतात. ज्यांना रोज एक्सप्रेसवेला शंभर धरून जायचंय त्यांनी बुटकी गाडी बघावी. २४ च्या आशेने घेणाऱ्याने घेऊ नये, किंवा घ्यावी आणि माझ्या बायकोला चालवायला द्यावी.

मी सध्या शिकतोय. मागच्या रविवारी टाकी भरली, पावती बाबांच्या टेबलावर ठेवली आणि चहा घेत बसलो. बाबांनी चष्मा लावला, भागाकार केला, १८४ लिहिलं. पुढे बारीक अक्षरात, 'सुधारणा आहे. डावं मागचं चाक बघून घेणे.' खाली जाऊन बघितलं. चार पीएसआय कमी होतं.